एकच महसुली गाव, दोन फीडर : यवतमाळ जिल्ह्यातील एका कोलाम पोडाच्या वीजपुरवठ्याचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेयेस, वणी–मारेगाव–झरी जामणीच्या पट्ट्यात, कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारे एक मध्यम आकाराचे गाव आहे. गावठाणात मुख्यतः जमीनदार शेतकऱ्यांची घरे, गावठाणाला लागून ई-क्लास म्हणजे सरकारी जमिनीवर वाढत गेलेला बौद्धपुरा, आणि नाला ओलांडून दीड-दोन किलोमीटरवर जंगलाच्या कडेला तीसेक घरांचा कोलाम आदिवासींचा पोड म्हणजे पाडा, अशी त्याची वस्ती विखुरलेली आहे. सरकारी दप्तरात मात्र या तिन्ही वस्त्यांचे मिळून एकच महसुली गाव आहे आणि ते गाव कित्येक वर्षांपासून ‘विद्युतीकृत’ म्हणून नोंदलेले आहे. गावाचे व व्यक्तींचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण ज्यांच्याविषयी हे लिहिले आहे त्यांना आजही वीज कंपनीच्या त्याच उपविभागीय कार्यालयात अर्ज घेऊन उभे राहावे लागते.

विजेची टंचाई हे या प्रकरणाचे कारण नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा अशी मोठी वीजकेंद्रे विदर्भातच आहेत; वणी परिसरातल्या खाणींतून निघणारा कोळसा या पट्ट्यातल्या रस्त्यांवरून रोज वाहिला जातो. विदर्भात वीज तयार होते आणि विदर्भातलाच माणूस अंधारात राहतो, ही तक्रार खरी आहे व ती वारंवार केली जाते. परंतु या गावात डोकावल्यावर ती अपुरी वाटते, कारण येथे गावठाणात चोवीस तास वीज असते आणि त्याच ग्रामपंचायतीच्या पोडावर ती नसते. प्रदेशाप्रदेशातील अन्यायाचा हिशेब मांडताना गावाच्या आत, नाल्याच्या अलीकडे आणि पलीकडे, काय घडते ते मोजणीतून सुटते.

हे सुटणे योगायोगाने घडलेले नाही. १९९७ पर्यंतच्या व्याख्येनुसार महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत ठरत असे. म्हणजे एका शेतकऱ्याच्या विहिरीवर पंप बसला तरी पुरे. त्यानंतर वीज लोकवस्तीत पोहोचली पाहिजे अशी दुरुस्ती झाली. २००४ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली आणि त्यात प्रथमच दलित वस्तीचा व पाड्या-टोल्यांचा उल्लेख आला : तेथे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) व वाहिन्या असाव्यात, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र यांसारख्या सार्वजनिक जागी वीज असावी आणि एकूण घरांपैकी किमान १० टक्के घरांत जोडणी असावी. दहा टक्क्यांची ही अट आमच्या गावाने गावठाणातल्या घरांवरच कधीच पार केली होती. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा या पोडावर एकही खांब नव्हता, आणि तरीही दहा टक्क्यांच्या गणनेत ती उणीव दिसत नव्हती.

पोडावर तारा आल्या त्या त्याच वर्षाच्या अखेरीस, सौभाग्य योजनेत. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेने गावाऐवजी घर हे मोजणीचे एकक मानले, आणि माझ्या मते ग्रामीण विद्युतीकरणाच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा बदल होता. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतील गरीब कुटुंबांना जोडणी मोफत होती, इतरांकडून ५०० रुपये दहा हप्त्यांत घ्यायचे होते. कंत्राटदाराची माणसे आली, प्रत्येक घराच्या कुडाच्या भिंतीवर एक मीटर, एक बोर्ड, एक एलईडी दिवा आणि मोबाइल चार्ज करण्याचे एक सॉकेट बसवून गेली. पोडाच्या नाईकाने चावडीसमोर नारळ फोडला. योजनेची मुदत जवळ आली होती आणि काम वेगाने उरकायचे होते, म्हणून पोडासाठी वेगळे रोहित्र न उभारता सर्वांत जवळच्या रोहित्रावरून वाहिनी ओढण्यात आली. पुढची सगळी गुंतागुंत या एका निर्णयातून निघाली.

जवळचे ते रोहित्र, ज्याला गावात सगळे डीपीच म्हणतात, शेतीचे होते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत राज्यात गावठाण फीडर आणि शेती फीडर, म्हणजे घरांना व पंपांना वीज नेणाऱ्या मुख्य वाहिन्या, वेगळे करण्याचा मोठा कार्यक्रम झाला. उद्देश योग्य होता : शेतीपंपांना ठरावीक तास थ्री फेज वीज द्यायची आणि घरांना त्या वेळापत्रकापासून मोकळे करायचे. मात्र हे विलगीकरण गावठाणाच्या सीमेवर थांबले. शेतवस्त्या, टोले, बेडे आणि पोड यांतली घरे ज्या तारेजवळ होती त्या तारेवरच राहिली, आणि ती तार बहुधा शेतीची होती. आमच्या पोडाला २०१८ मध्ये जी वीज मिळाली ती म्हणूनच घराची वीज नव्हती. शेतीच्या विजेतून उरलेला वाटा होता. आठवड्याच्या पाळीप्रमाणे दिवसा किंवा रात्री आठ तास थ्री फेज, उरलेल्या वेळी सिंगल फेज, तीही उपलब्ध असेल तर.

या डीपीची क्षमता ६३ केव्हीए होती. पाच अश्वशक्तीचे दहा-बारा पंप एकदम सुरू झाले की तिची क्षमता संपते, आणि तिच्यावर अधिकृत पंपच तेवढे होते. रब्बीत गहू-हरभऱ्याच्या ओलिताला, आणि अलीकडे मिरची-भाजीपाल्याला, सगळे पंप एकाच पाळीत चालतात. शिवाय सिंगल फेजच्या वेळेतही पंप चालावा म्हणून स्टार्टरजवळ कॅपॅसिटर लावून फेज फोडण्याची पद्धत या भागात सर्वांना ठाऊक आहे. तसे केले की रोहित्रावरचा भार एकाच फेजवर येऊन पडतो आणि शेवटच्या टोकाला असलेल्या घरांतला विजेचा दाब (व्होल्टेज) कोसळतो. पोड त्या वाहिनीचे शेवटचे टोक आहे. हिवाळ्याच्या संध्याकाळी तेथे दिवा लुकलुकायचा, पंखा फिरायचा नाही आणि मोबाइल तासभर लावूनही चार्ज व्हायचा नाही. मुले फोन घेऊन गावातल्या आटाचक्कीवर जायची व चक्कीवाला प्रत्येक फोनमागे पैसे घ्यायचा. दाब वाढवण्याचा, भार मोजण्याचा किंवा डीपी बदलण्याचा कोणताही निर्णय पोडाच्या हातात नव्हता.

डीपी जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात जळत होती. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१४ च्या कृतीमानकांनुसार ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलून द्यायचे होते आणि विलंब झाल्यास ग्राहकाला तासाप्रमाणे भरपाई द्यायची होती. प्रत्यक्षात काय होते, ते विदर्भातला कोणताही शेतकरी सांगेल. डीपीवरचे शेतकरी आपसांत वर्गणी करतात, कोणीतरी ट्रॅक्टर काढतो, जळालेले रोहित्र उतरवून दुरुस्ती केंद्रात नेतात आणि दुसरे चढवून आणतात. ही व्यवस्था अनधिकृत असली तरी तिच्या जोरावरच ओलीत वाचते, आणि शेतकऱ्याला त्यासाठी दोष देता येत नाही. परंतु तिचा वेग ओलिताच्या गरजेवर ठरतो. डिसेंबरात डीपी जळाली तर ती आठवड्याच्या आत उभी राहत असे. एप्रिलमध्ये, पिके निघाल्यावर जळाली तर पंपवाल्यांना घाई नसे आणि पोड पावसाळ्यापर्यंत अंधारात राहत असे. वर्गणीची यादी करताना पोडाला कोणी विचारत नव्हते, कारण पोडाकडे द्यायला काही नाही हे गृहीत होते. ज्याने वर्गणी दिली नाही त्याला तगादा लावण्याचाही हक्क उरत नाही, असा अलिखित नियम होता आणि पोडातली माणसेही तो मान्य करून बसली होती.

बिलांचा भाग अधिक बारकाईने पाहावा लागेल. पोडातल्या एका विधवा बाईकडे आठ-दहा बिले प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छपराच्या वाशाला खोचलेली होती. तिने ती माझ्यासमोर एकेक करून उलगडली. प्रत्येक बिलावर ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ या दोन्ही रकान्यांत एकच संख्या होती, आणि तरीही वापराच्या रकान्यात दर महिन्याला सारखेच युनिट टाकलेले होते. रीडिंगच्या शेऱ्यात कधी ‘लॉक’, कधी ‘फॉल्टी’ असे छापले होते. कापूस वेचणीच्या दिवसांत पोडातली बरीच घरे कुलूपबंद असतात, हे खरे. पण या बाईचे घर त्या काळात उघडे होते आणि तिचे मीटरही चालू होते. रीडिंग घेणारा मुलगा नाला ओलांडून आलाच नव्हता. तिचा प्रत्यक्ष वापर एका दिव्याचा आणि एका मोबाइलचा होता. सरासरी बिल मात्र टीव्ही-पंखा असलेल्या घराचे येत होते.

त्यात दराचा प्रश्न होता. दारिद्र्यरेषेखालील घरगुती ग्राहकांसाठी वेगळा दर आहे : मंजूर भार ०.२५ किलोवॅटपर्यंत आणि आधीच्या वर्षातला वापर ३६० युनिटांच्या आत असेल तर तो लागू होतो, आणि त्यातला स्थिर आकार अगदी कमी असतो. पोडातल्या बहुतेक जोडण्या सर्वसाधारण निवासी वर्गात नोंदल्या गेल्या होत्या, जेथे दिवा लागो वा न लागो, स्थिर आकारच महिन्याला शंभर रुपयांच्या वर जातो. ज्यांच्या जोडण्या स्वस्त दरात होत्या, त्यांचीही सरासरीची काल्पनिक युनिटे वर्षाला ३६० ओलांडून गेल्यामुळे वर्ग बदलला. म्हणजे रीडिंग न घेण्याच्या चुकीने आधी बिल फुगवले आणि मग त्या फुगलेल्या बिलाच्या आधारे सवलतही काढून घेतली. बिले वेळेवर पोहोचत नव्हती. ती सहा-आठ महिन्यांनी एकगठ्ठा येत, आणि तोपर्यंत रक्कम शेतमजुराच्या आवाक्याबाहेर गेलेली असे.

थकबाकी वाढल्यावर कार्यालयाने एक दिवस डीपीवरून पोडाकडे जाणारी वाहिनीच सोडवली. वीज कायदा, २००३ चे कलम ५६ स्पष्ट आहे : पुरवठा तोडायचा तर ज्याने पैसे भरले नाहीत त्या व्यक्तीला किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि रकमेविषयी वाद असेल तर मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरल्यास पुरवठा तोडता येत नाही. कायद्यात थकबाकीदार ही एक व्यक्ती आहे. वस्ती थकबाकीदार असू शकत नाही. येथे मात्र नोटीस कोणालाच मिळाली नाही, आणि ज्या दोन-तीन घरांनी मजुरीतून पैसे साठवून तालुक्याला जाऊन बिल भरले होते त्यांचीही वीज गेली. वर उल्लेखलेली बाई त्यांपैकी एक. तिने पावती दाखवली तेव्हा तिला सांगण्यात आले, की बाकीच्यांना भरायला सांगा. ‘मी माह्या घरचं भरलं, पोडाचं कसं भरू?’ हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचे कायदेशीर उत्तर तिच्या बाजूने आहे.

त्याच डीपीवरच्या शेतीपंपांची थकबाकी पोडाच्या एकत्रित थकबाकीच्या अनेक पट होती. तिच्या वसुलीसाठी कधी अभय योजना आल्या, कधी व्याज माफ झाले, हंगामात पुरवठा तोडू नये असे आदेश निघाले. शेतकऱ्यांच्या या सवलतींना माझा विरोध नाही. विदर्भातल्या कोरडवाहू-ओलिताच्या शेतीची अवस्था पाहता त्या आवश्यकच होत्या. एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे आणि राज्यातल्या सुमारे ४४ लाख कृषी ग्राहकांना तिचा लाभ मिळतो. पण जी सवलत पंपाच्या मार्गाने येते तिचा लाभ मिळण्यासाठी आधी विहीर, ओलिताची जमीन आणि कृषीजोडणी असावी लागते. पोडाची जमीन कोरडवाहू आहे, काही घरांना जमीनच नाही. एकाच डीपीवर पाच अश्वशक्तीच्या पंपाचे बिल शून्य आणि एका दिव्याच्या घराला थकबाकीपोटी अंधार, ही स्थिती कोणी ठरवून आणलेली नसली तरी धोरणांच्या बेरजेतून ती आली आहे.

वीज तोडल्यावर पोडातल्या काही तरुणांनी आकडे टाकले. तपासणी पथक आले, तारा जप्त झाल्या आणि कलम १३५ खाली वीजचोरीची कारवाई सुरू झाली. सिंगल फेजवर पंप ओढणाऱ्या शिवाराकडे ते पथक वळले नाही, जरी डीपी जळण्याचे ते मुख्य कारण होते. आकडा टाकणे धोक्याचे आणि बेकायदा आहे, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु जोडणी असलेला, काही घरांत तर बिल भरलेला ग्राहक आकडा का टाकतो, याची नोंद पथकाच्या पंचनाम्यात असायला हवी होती. कोऱ्या जागेत फक्त तारेची लांबी लिहिली गेली.

पुढचा अडथळा कागदांचा होता. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजनेत ५०० रुपयांची अनामत पाच हप्त्यांत भरून नवी जोडणी मिळत होती. पोडातली सगळी कुटुंबे अनुसूचित जमातीची असूनही एकही पात्र ठरले नाही, कारण अर्जाच्या जागेवर आधीची थकबाकी नसावी अशी अट होती. सौभाग्यातली जोडणी मिळालीच नसती तर ही योजना त्यांना लागू झाली असती.

पोडाने स्वतःचा मार्ग काढला तो ग्रामसभेतून. अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला, वस्तीला पेसा कायद्याखाली स्वतःची ग्रामसभा घेता येते, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांत त्याची पद्धत दिलेली आहे. आतापर्यंत मोठ्या ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत पोडाचा विषय शेवटी, लोक उठून गेल्यावर येत असे. पोडाच्या सभेने तीन ठराव केले : पोडाला गावठाण फीडरवरून स्वतंत्र रोहित्र द्यावे, प्रत्येक मीटरचे प्रत्यक्ष रीडिंग घेऊन बिले दुरुस्त करावीत, आणि बिल भरलेल्या घरांचा पुरवठा तत्काळ जोडावा. ठराव करणारे बहुतेक जण लिहिणारे नव्हते; आश्रमशाळेत बारावी झालेल्या एका मुलीने ते लिहून काढले आणि वाचून दाखवले, मराठीत व मग कोलामीत.

गावठाण फीडरची तार पोडापर्यंत आणायची तर सरळ वाट एका मोठ्या शेतकऱ्याच्या वावरातून जाते. त्याने खांबांना हरकत घेतली. त्याचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते : ट्रॅक्टर फिरवायला खांब आडवा येतो, तार लोंबली की उभा कापूस जळण्याची भीती, आणि भरपाईचा अनुभव कडू. वीज कायद्याखालील २००६ च्या नियमांनुसार अशी हरकत आली तर जिल्हा दंडाधिकारी सुनावणी घेऊन परवानगी देऊ शकतात, म्हणजे एका खातेदाराचा नकार हा शेवटचा शब्द नसतो. कार्यालयाने तो शेवटचा शब्द मानला आणि ‘वाट उपलब्ध नाही’ असा शेरा मारून प्रस्ताव बाजूला ठेवला. वर्षभर तो तसाच राहिला.

मग पोडाने दुसरी वाट सुचवली, जंगलाच्या कडेची, थोडी लांबची. वनजमीन म्हटली की काम अडते, हा सार्वत्रिक समज आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये मात्र शाळा, दवाखाना, तलाव अशा सुविधांबरोबर वीजवाहिन्यांचाही समावेश आहे. प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागत नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल, तर परवानगी जिल्ह्यातच मिळते. पोडाची ग्रामसभा अस्तित्वात असल्यामुळे शिफारस लगेच देता आली. याच सुमारास, १५ नोव्हेंबर २०२३ रोजी, विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठीचे केंद्र सरकारचे पीएम-जनमन अभियान सुरू झाले. कोलाम हे कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर राज्यातील अशा गटांत मोडतात, त्यामुळे पोडाचे घरनिहाय सर्वेक्षण झाले आणि ‘जोडणी आहे, वीज नाही’ ही अवस्था प्रथमच एखाद्या सरकारी तक्त्यात नोंदली गेली. निधी त्यातून आला. २५ केव्हीएचे स्वतंत्र रोहित्र गावठाण फीडरवर उभे राहिले आणि पोडावर चोवीस तास सिंगल फेज वीज सुरू झाली.

येथे प्रकरण मिटले असे म्हणता येणार नाही. जुनी थकबाकी नव्या बिलांवर तशीच छापून येते, व्याजासह. तिच्याविरुद्ध ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे अर्ज केलेला आहे. तेथे दाद लागली नाही तर नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे जाता येते. मागणी माफीची नाही, दुरुस्तीची आहे : ज्या काळात रीडिंग घेतलेच गेले नाही आणि पुरवठाही बंद होता, त्या काळाचे बिल रद्द व्हावे, आणि घरे पुन्हा कमी दराच्या वर्गात यावीत. माफी मागितली असती तर पोड उपकाराखाली राहिला असता, म्हणून हा शब्द अर्जात येऊ द्यायचा नाही असे सभेने ठरवले. ते योग्यच होते असे मला वाटते.

बौद्धपुऱ्याची अडचण वेगळी आहे. तेथे तार दारावरून जाते, पण ई-क्लास जमिनीवरच्या काही घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाही, आणि त्या उताऱ्याशिवाय अर्ज घेतला जात नव्हता. ही कुटुंबे नातेवाइकांच्या मीटरवरून वायर ओढून दिवा लावतात व त्यापोटी महिन्याला ठरलेली रक्कम देतात. वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये वीज मागण्याचा हक्क ‘मालक किंवा भोगवटादार’ यांना आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ च्या एका निकालात, वीज ही मूलभूत सुविधा असून अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढेच पुरवठादाराने पाहायचे, असे सांगितले आहे. मालकीचा वाद जोडणीने सुटत नाही आणि जोडणीमुळे मालकीही सिद्ध होत नाही, हे लेखी देण्याची या कुटुंबांची तयारी होती. पोडाचे काम झालेले पाहून त्यांनी शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र आणि राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडून नव्याने अर्ज केले. या वेळी अर्ज आवक नोंदवहीत चढवूनच ते परतले, आणि प्रत्येकाकडे शिक्क्याची पोच आहे. वाहिनी वाढवण्याची गरज नसल्याने कलम ४३ ची एक महिन्याची मुदत त्या पोचेवरच्या तारखेपासून मोजली जाईल.